रिकाम्या खुर्चीचं कव्हर

"हे चित्र मी आधी पाहिलंय," हिकमत-अका म्हणाले.

चित्र मोहिरानं काढलं होतं. ताश्कंदच्या त्या रेकॉर्ड कारखान्यात कुठलंही कव्हर अकांच्या सहीवाचून छपाईला जात नसे. आजचं कव्हर एका नव्या गायिकेचं. उघडी खिडकी, रिकामी खुर्ची, खुर्चीला टेकवलेली दोन तारांची दुतार, खाली फुटलेलं डाळिंब.

"दुतार आणि डाळिंब कुणाच्या घरात नसतं, अका?"

"मला शिकवू नकोस, पोरी. हे ओयदिनच्या रेकॉर्डचं कव्हर आहे. खिडकीचा निळा रंगसुद्धा तोच."

ते नाव त्या इमारतीत कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. ओयदिन घरी बंदी असलेली गाणी गाते, अशी कुणीतरी चुगली केली होती. तिला उत्तरेकडं, कैद्यांच्या छावणीत धाडलं. पुढं तिचं काय झालं, कुणी विचारलं नाही. तिच्या रेकॉर्डी मागच्या अंगणात फोडल्या, कव्हरं भट्टीत घातली.

"एकही शिल्लक राहिलं नव्हतं. मी स्वतः उभा होतो तिथं," अका म्हणाले. "मग तू पाहिलंस कुठं?"

"पाहिलं नाही. आईनं सांगितलं." मोहिरा म्हणाली. "या हिवाळ्यात गेली ती. शेवटी शेवटी दुसरं काही बोलायचीच नाही. खिडकी डावीकडं घे, दाणे सांडलेले दाखव... पुन्हा पुन्हा काढायला लावायची. जमलं नाही की रडायची."

अकांनी चष्मा काढून डोळे पुसले. स्वतःचा चहाचा पियाला तिच्यापुढं सरकवला.

"म्हणजे परत आली होती तर," ते पुटपुटले. "याच शहरात होती, आणि आम्हाला पत्ता नाही."

मोहिरानं पियाल्याला हात लावला नाही.

अकांनी दार लोटलं. लेखणी उचलली, क्षणभर थांबले आणि सही ठोकली.

"वरून विचारणा झाली तर माझी नोकरी जाईल. जाऊ दे. सांगेन, म्हाताऱ्याची नजर अधू झाली." त्यांनी चित्र तिच्या हाती दिलं. "तुझ्या आईच्या रेकॉर्डी मी फोडल्या, पोरी. जमलं तर माफ कर."

मोहिरा दारापर्यंत गेली. तसंच निघून जाता आलं असतं. ती वळली.

"माझी आई ओयदिन नव्हती, अका," ती म्हणाली. "चुगली केली ती माझ्या आईनं."