बारा स्मिथ

“काजळी कानामागेही लाव. तिथे कोण बघतंय, म्हणू नकोस,” ऑस्बर्न लोहार म्हणाला आणि त्याने आपला चामड्याचा एप्रन हॉबच्या गळ्यात अडकवला.

हॉब मेंढ्या राखणारा. त्याने जन्मात कधी हातोडा धरला नव्हता. पण त्याचा थोरला भाऊ वॉट दोन वर्षांपूर्वी तिरंदाज म्हणून फ्रान्सच्या लढाईवर गेला तो गेलाच. तेव्हापासून त्यांची आई एव्हिस जीव मुठीत धरून होती. आज राजाचा कारकून पुन्हा नावं लिहायला आला होता. गावातला प्रत्येक तरुण दर रविवारी धनुष्याचा सराव करायचा, त्यामुळे कुणाचीच सुटका नव्हती. मागच्या दोन्ही खेपांना सुटला तो एकटा लोहार. तो गेला तर नांगराचे फाळ कोण करणार?

हे एव्हिसने हेरलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे सकाळपर्यंत साऱ्या गावानेही हेरलं.

चर्चच्या दारात रांग लागली. बाहेर दोन रिकाम्या गाड्या उभ्या होत्या.

“नाव?”

“ऑस्बर्न. लोहार.”

कारकुनाने लिहिलं, ऑस्बर्न स्मिथ. त्यांच्या बोलीत स्मिथ म्हणजे लोहारच.

“राल्फ. मीपण लोहार.”

राल्फ स्मिथ. मग ह्यू स्मिथ, सायमन स्मिथ. गावात भट्टी एक आणि लोहार अकरा झाले, तरी कारकुनाच्या कपाळावर आठी नाही.

एव्हिसने पुढच्या कॉलिनला कोपराने बाजूला सारलं.

“मावशी, पाळी माझी आहे!”

“तुझ्या आईला अजून तिघं आहेत. गप उभा राहा.”

कारकुनाने हॉबचा हात उलटा करून पाहिला. बोटांवर धनुष्याच्या दोरीचे घट्टे होते. एव्हिसने घाईघाईने मधाचं मडकं मेजावर सरकवलं.

“लोहाराचा हात असा असतो?”

“नवा आहे, कारकूनबुवा. शिकतोय.”

“शिकेल,” कारकून म्हणाला. “पण बाई, एकदा वहीत चढलेलं नाव खोडता येत नाही हं.”

“खोडूच नका! नातवंडांनीही हेच लावावं.”

हॉब स्मिथ. कारकुनाने दौत बंद केली. “बारा झाले. पुरे.”

कॉलिन रडकुंडीला आला. “मलाही लोहार लिहा ना हो!”

“तुझं नशीब,” कारकून म्हणाला.

एव्हिसने लेकाचा काळा गाल कुरवाळला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला मोकळं वाटलं. कॉलिनची तिला दयाही आली.

कारकुनाने हुकमाचा कागद उलगडला आणि शांतपणे वाचला, “तिरंदाज पुरेसे आहेत. फ्रान्समधल्या छावणीत घोड्यांना नाल मारायला या परगण्यातून बारा लोहार आजच रवाना करावेत.”