चुलीतला विळा

पिल्लाने पुन्हा तोंड फिरवले. पेजेचा थेंब त्याच्या हनुवटीवरून ओघळून राहीच्या मनगटावर आला. तिने तो पदराला पुसला आणि बोट परत वाटीत बुडवले.

तीन दिवस असेच चालले होते. मिठागरावरच्या हिरामणची कुत्री व्यायली, तेव्हा राहीच्या वडिलांनी, धर्माजींनी, त्यातले एक पिल्लू सांगून ठेवले होते. पिल्लू आईपासून तोडण्याजोगे झाले तोवर धर्माजी गेले. हिरामण शब्दाला जागला. तेरावे उरकल्यावर पाटीत घालून पिल्लू दारात ठेवून गेला. पहिल्या दिवशी ते उलट्या करत होते. दुसऱ्या दिवशी नुसते कण्हत होते. आज कण्हतही नव्हते.

“दुपारपर्यंत खाल्लं न्हाय तर डाग देऊ,” कोंडाजीकाका सकाळी मिठागरावर जाताना सांगून गेले होते. “वैनी, विळा चुलीत घालून ठेवा.”

कोंडाजी हे धर्माजींचे चुलतभाऊ. त्यांच्या हाताला गुण आहे, असे पार रेवसपर्यंत लोक म्हणत. पोट फुगलेली पोरे, आखडलेले बैल, कावीळ झालेली माणसे, सगळी त्यांच्या दारात येत. लाल झालेले विळ्याचे टोक पोटावर टेकवायचे आणि उचलायचे. धर्माजींनाही काविळीत त्यांनी असेच चार डाग दिले होते. राही तेव्हा पेणला, लोकल बोर्डाच्या शाळेत मुलांच्या पाट्या तपासत होती. आजाराचे पोस्टकार्ड आणि मरणाचा निरोप तिला एकाच दिवशी मिळाले. ती पोचली तेव्हा वडिलांना अंघोळ घालत होते. चिघळलेले ते चार डाग तिने पाहिले. अलिबागचा दवाखाना बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता, पण ती कोणाला काही बोलली नाही. आईही त्या आठवड्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

आई, मनुबाई, चुलीपुढे बसली होती. सांगितल्याप्रमाणे तिने विळा निखाऱ्यांत खुपसला होता आणि अधूनमधून फुंकणीने फुंकर घालत होती.

“आये, तो विळा काढ.”

“भावजी येतील ना आता.”

“येऊ देत. मी डाग देऊ देणार नाही.”

आईने फुंकणी तोंडाला लावली.

पाण्याची कळशी घेऊन चाललेली शेजारची सखुबाई ओट्याशी थांबली. “काय गो मास्तरीणबाय, कुत्र्याची शाला भरवलीस का?”

“पहिलाच धडा आहे, सखूकाकू. गिळायचा.”

“नापास व्हणार बघ तुझा पोरगा,” म्हणत सखुबाई हसत पुढे गेली.

राही हसली नाही. उकळून निववलेल्या पाण्यात तिने गूळ आणि चिमूटभर मीठ घातले होते. एकदा ते पाणी, एकदा पेज. घोट ओतला तर पिल्लू ठसकत होते, म्हणून ती बोटावर एकेक थेंब घेऊन त्याच्या टाळूला लावत होती. थेंब आत जातो की नाही हे तिला कळत नव्हते. तरी ती पुढचा लावत होती. गोणपाट थंड वाटले की चुलीजवळ धरून गरम करत होती आणि पिल्लाला पुन्हा त्यात गुंडाळत होती.

ऊन डोक्यावर आले आणि कोंडाजी आले. गुडघ्यापर्यंत त्यांचे पाय मिठाने पांढरे झाले होते. ते पिल्लाशेजारी उकिडवे बसले. खरखरीत बोटांनी त्यांनी त्याचे पोट फार हळू चाचपले.

“गार पडत चाललंय. सर बाजूला, पोरी.”

“नाही, काका.”

“मला काय हौस हाय? जीव वाचावा म्हणूनच करतो ना?”

त्यात खोटे काही नव्हते, हे राहीला ठाऊक होते. तिने तळवा पिल्लाच्या पोटावर ठेवला. ते सबंध पोट तिच्या तळव्याखाली मावले.

“आधी माझ्या हातावर टेकवा. मग त्याच्या पोटावर.”

कोंडाजींनी तिच्याकडे पाहिले, मग चुलीकडे. “येडी झाली ही. वैनी, विळा आणा. आन् पोरीचा हात धरा.”

मनुबाई उठली. फडक्यात धरून तिने विळा बाहेर ओढला. टोक लालभडक झाले होते. ती राहीच्या दिशेने आली. राहीने हात हलवला नाही. मनुबाई तिच्याजवळून तशीच पुढे गेली आणि मागल्या दारातल्या घंगाळात तिने विळा बुडवला. चर्र आवाज झाला. वाफ आढ्यापर्यंत चढली.

कोंडाजी गुडघ्यावर हात टेकून उठले.

“मेलं तर माझ्याकडं बोट दाखवू नका,” कोंडाजी म्हणाले.

“न्हाय दाखवणार,” मनुबाई म्हणाली.

ते टोपी झटकून निघून गेले.

मनुबाईने पिल्लू मांडीवर घेतले. जबड्याच्या कडेला अंगठा दाबून तोंड जरासे उघडले, टाळूला पेज लावली आणि गळ्यावरून बोट खाली फिरवत राहिली. पहिला थेंब परत आला. दुसराही आला. तिसऱ्याला गळा हलला. मग आणखी एकदा हलला. थोड्या वेळाने इवलीशी जीभ बाहेर आली आणि तिच्या बोटावर पेज शोधू लागली.

“आये, गिळलं गं! चाटतंय!”

मनुबाईने मान वर केली नाही.

“तुझ्या बापानंबी असाच पोटावर हात ठेवला व्हता,” ती म्हणाली. “राहीला येऊ दे, म्हणत व्हता. भावजी म्हणाले, वैनी, हात धरा. मी धरला.”