शांत रंगाचे पडदे

"भगवा नको, उगाच लोकांना वाटेल आम्ही एका पक्षाचे," हॉस्पिटलचे चेअरमन वाकनीस म्हणाले. प्रार्थनेच्या खोलीसाठी मला पडदे विणायचे होते, कोणत्याही देवाला चालतील असे. मी पुढचे नमुने उलगडले. हिरव्यावर खजिनदार खाकरले, निळ्यात कुणाला निवडणूक दिसली, आणि पांढरा बघून मेट्रन म्हणाल्या, "अगबाई, हे पेशंटच्या नातेवाइकांसमोर?" शेवटी मातकट रंगावर एकमत झालं, कारण तो कोणालाच आवडला नव्हता.

तीन महिने मी हातमागावर बसले. कापड इतकं मऊ विणलं, की एखाद्याने त्यात तोंड खुपसून रडावं. उद्घाटनाला वाकनीस त्याच पडद्यांसमोर शांततेवर चाळीस मिनिटं बोलले.

महिन्याभराने सहज डोकावले, तर दाराला कुलूप. काचेतून पाहिलं. पडद्यांवर वरपासून खालपर्यंत प्लास्टिक चढवलेलं, नव्या सोफ्यावर असतं तसं.

"लोक डोळे पुसायचे हो ताई त्याला," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "डाग पडायला लागले. मग साहेबांनी किल्ली स्वतःकडेच ठेवली."

"मग माणसं रडायला जातात कुठे?"

मावशींनी जिन्याखालच्या, धुवायचे कपडे टाकायच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"तिथल्या चादरी आधीच मळलेल्या असतात. कोणी काही बोलत नाही."