धुतलेलं कापड

बादलीत तिचे हात कोपरापर्यंत बुडालेले होते, तेव्हा नवऱ्याने दारातून विचारलं, "भिजवायच्या आधी एकदा वास तरी घेतलास का?"

तिचे हात पाण्यातच थांबले.

बादलीत तिच्या आईचे कपडे होते. पाच सुती गाऊन, एक ओढणी आणि बाह्या विरलेला एक झगा. लोकरीचा स्वेटर तिने थंड पाण्यातून काढून आधीच टॉवेलवर पसरला होता.

आई जाऊन पाच महिने झाले होते. त्या दिवसापासून तिने सुईला हात लावला नव्हता. शिवणाच्या टेबलावर तीन गिऱ्हाइकांच्या अर्धवट गोधड्या धूळ खात पडल्या होत्या आणि "पुढच्या आठवड्यात नक्की" हे वाक्य तिला तोंडपाठ झालं होतं. मागच्या आठवड्यात ती, नवरा आणि सहा वर्षांची लेक माहेरी जाऊन आली. निघताना बाबांनी तिच्या हातात एक पिशवी दिली. "ह्यांची एक गोधडी कर. अंगावर घेईन. झोप लागत नाही." एवढंच म्हणाले. बाबा मुळातच मोजकं बोलणारे. आयुष्यभर दोघांच्या वाटचं आईच बोलली.

आज तिने पिशवी उघडली. घड्या बाबांच्या होत्या, एकाही कोपऱ्याला कोपरा जुळत नव्हता. स्वेटर उलगडला तर केवढासा! शेवटी शेवटी आई इतकी आटली होती? तिला एकदम भरून आलं. आणि भरून आलं की हात कामाला लावायचे, ही आईचीच शिकवण. तिने पाणी तापवायला ठेवलं.

शिवणसुद्धा आईनेच शिकवलं होतं. पहिला नियम असा की धुतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. मग ते कोरं असो की जुनं, कितीही स्वच्छ दिसो. "न धुतलेलं कापड आणि न पारखलेला जावई, रंग कधी सोडतील नेम नाही," असं आई जावयाच्या तोंडावर म्हणायची आणि सगळ्यांत मोठ्याने जावईच हसायचा.

तोच जावई आता दारात उभा होता आणि हसत नव्हता.

तिने एक गाऊन वर काढला, पिळला, नाकाशी धरला. नुसता साबण. दुसरा काढला. तोही तसाच. बादलीतलं पाणी होतं तसं स्वच्छ होतं, जणू त्यात काही धुतलंच नव्हतं.

"बाबांना कपडे नको होते रे," ती म्हणाली. "त्यांना आई हवी होती. मी तिला मोरीत ओतून दिलं."

नवऱ्याने गाऊन तिच्या हातातून घेतला आणि दोरीवर वाळत घातला.

पुढचे तीन आठवडे तिने दुसरं काही केलं नाही. गिऱ्हाइकं थांबली. लेक तुकडे निवडून द्यायची, ती धावदोरा घालायची. इतके बारीक टाके तिने आजवर कुणासाठी घातले नव्हते. चुकीची भरपाई टाक्यांनी होत नाही, हे कळत असूनही घालत राहिली. एका गाऊनचा खिसा मात्र तिने कापला नाही. आईचा हात कायम त्या खिशात असायचा, चष्मा नाहीतर यादी शोधत. तो खिसा तिने छातीवर येईल असा अख्खा बसवला. एकदा बाजारातून आईच्या केसांचं तेल आणलं. दोन थेंब टाकले तर बाबांना कळणारही नाही, असं वाटलं. बाटली उघडली आणि पुन्हा झाकण लावून ठेवली. बाबांना फसवणं तिच्याच्याने होईना.

"झाली का?" बाबा फोनवर विचारायचे.

"होतच आलीय," ती म्हणायची आणि घाईने फोन लेकीकडे द्यायची. चोराच्या मनात चांदणं.

सगळी पुन्हा माहेरी गेली ती दुपारच्या वेळी. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिने गोधडी त्यांच्या मांडीवर उलगडली. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, एकेका तुकड्यावर थांबत, ओळख पटवत. मग गोधडीचं एक टोक उचलून तोंडाजवळ नेलं.

तिला राहवलं नाही.

"बाबा, माझं चुकलं. मी कपडे धुतले हो. सवयीने. आईचा वास होता त्यांना, तो मी घालवला."

बाबांनी टोक खाली घेतलं. रागावले नाहीत. तिच्याकडे पाहिलंही नाही.

"पाणी स्वच्छ निघालं असेल," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांचं बोट स्वेटरच्या तुकड्यावर होतं. "ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सगळं धुऊन काढलं. मळके कपडे पडलेले तिला खपायचे नाहीत ना. टोपलीतले धुतले, मग कपाटातलेही काढले. हा स्वेटरसुद्धा कढत पाण्यात घातला, एवढासा झाला. दोरीवर घातल्यावर माझ्या लक्षात आलं."

बाबांनी त्या खिशात हात घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला.

"वास राहिला असता, पोरी, तर कापायला दिले असते का मी तुला?"