दाबाची दांडी
धुळ्याजवळच्या माळावर शर्यत होती, म्हणून चुडामण मिस्त्रीने आपल्या मुलाच्या, गुलाबच्या छोट्या मोटारीला इंजिनात दाबाने जादा हवा कोंबणारा भंगारातला टर्बो बसवला होता. इवलंसं इंजिन, आधीच भन्नाट फिरणारं. दाब जरा जास्त झाला तर फुटेल, ही त्याला धास्ती. दाब वाढला की टर्बोची बारीक दांडी सरकायची, झडप उघडून जादा दाब सोडायची आणि टर्बोची चढणारी शिट्टी एका सुरावर येऊन थांबायची. तो सूर जुळवण्यात त्याचा सगळा उन्हाळा गेला.

झेंडा पडला. गुलाबने मोटार सोडली. शिट्टी चढली, त्या सुरापाशी आली आणि थांबलीच नाही. हातातला पाना हलवत चुडामण ओरडत धावला, पण मोटार वळणापलीकडे गेली होती.

"कसाले घोर करतस?" मागून त्याची बायको सुंदरबाई म्हणाली. "पोरले नजर लागाले नको म्हनीसन मी सकाळीच इंजिनले काळा दोरा बांधेल शे."

"कोठे?"

"तुम्ही इतलं जपतस ना त्या दांडीले, तिलेच. जराबी हालाले नको, इतका गच्च."