सावडीचं जहाज

नातू योगीराज हैदराबादला गेला आणि त्याचा फोन येईनासा झाला, म्हणून मी त्याचा तो जहाजांच्या लढाईचा ऑनलाइन खेळ मोबाईलवर शिकले. रोज संध्याकाळी लढता लढता त्याच्याशी बोलणं व्हायचं.

पुढं खेळात मी स्वतःचं जहाज काढून कप्तान झाले. त्यावरचे खलाशी, म्हणजे सोबतीचे खेळाडू, निवडायची माझी रीत मात्र आमच्या जळकोटच्या सावडीची, एकमेकींच्या रानातल्या कामाची फेड करायची, होती. पूर्वी आम्ही एखादीच्या रानात खुरपायला जायचो, आणि जी दुसऱ्या दिवशी न बोलावता आमच्या रानात यायची, तिला कायमची धरून ठेवायचो. तसंच मी अनोळखी खेळाडूंना आधी लढाईत मदत केली. जे आपणहून फेड करायला आले, तेवढेच अकरा घेतले. आमचं जहाज हरेनासं झालं. योगीराजला मी उपकप्तान केलं; कप्तान खेळायला आला नाही की जहाज त्याच्या हाती जायचं.

लोहाऱ्याला बहिणीकडं तीन दिवस न खेळता राहून आले, तर योगीराजनं मला जहाजावरून काढून टाकलं होतं आणि स्वतः कप्तान झाला होता.

"आजी, तुमी लई सावकाश खेळता," तो फोनवर म्हणाला. "खेळच हाय तो. आता आराम करा."



अकरा खलाशी मी पारखून घेतले होते. एकट्या त्याला घरचा म्हणून तसंच घेतलं.