वेदीसमोरची शिळा

"काका, पहार कुठून घालू?" गवंड्याने तिसऱ्यांदा विचारलं.

चर्चचा म्हातारा राखणदार वेदीसमोरच्या शिळेवर उभा होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. चार वाजता बिशपसाहेबांचा देह याच शिळेखाली ठेवायचा होता. अँग्लिकन चर्चमधला एवढा मोठा माणूस, दूरदूरच्या गावांची चर्च त्यांच्या शब्दावर चालायची. माणसं सकाळपासूनच बाकांवर येऊन बसली होती.

"जरा दमानं घे. दगड काय पळून जातोय?"

"दगड नाही पळत, पण तुम्ही तरी बाजूला व्हा. का तुम्हालाही आत जायचंय?"

राखणदाराला हसू आलं नाही.

शिळेखाली त्याची मुलगी होती.

अठ्ठावीस वर्षं झाली. बिशपसाहेब नुकतेच आले होते आणि इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या हयातीतच त्यांच्या कबरीचा खण बांधायला घेतला होता. त्याच आठवड्यात राखणदाराची बायको बाळंत झाली. मुलगी तासभर जगली. पाळकाला बोलावून आणेपर्यंत गेलीसुद्धा. बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणजे आवारात जागा नाही. असल्या लेकरांना भिंतीपलीकडे काटेरी झुडपांत पुरायचे. राखणदाराने बिशपसाहेबांपुढे खूप गयावया केली.

"नियम माझ्या हातात नाही," एवढंच ते म्हणाले.

बायकोने अंथरुणातून एकच मागणं केलं, पोरीला बाहेर टाकू नका. भर दुपारी, गवंडी जेवायला गेलेले असताना, राखणदाराने लाकडी पेटी खणाच्या कोपऱ्यात ठेवली आणि वर वाळू ओढली. दुसऱ्या दिवशी बिशपसाहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी समोर उभं राहून कोरी शिळा बसवून घेतली आणि सांधे चुन्याने बुजवले. राखणदाराला वाटलं, देव पावला.

बिशपसाहेबांना मात्र त्याने कधी माफ केलं नाही. रोजच्या प्रार्थनेनंतर ते या शिळेपाशी गुडघे टेकायचे. स्वतःच्या कबरीचं माणसाला इतकं कौतुक असावं? राखणदार लांबूनच बोटं मोडायचा. पुढे त्याची बायको वारली, तेव्हा तिच्या दफनाची प्रार्थना बिशपसाहेबांनी स्वतः म्हटली. तेव्हाही हा त्यांच्याशी अवाक्षर बोलला नाही.

आता शिळा उचलली की पेटी निघणार. पेटी निघाली की पोर भिंतीपलीकडे जाणार. बायकोला दिलेला शब्द म्हातारपणी मोडणार.

पाळक आत आले. त्यांच्यासोबत बिशपसाहेबांची धाकटी बहीण होती. पाळकांच्या हातात लाखेची मोहोर लावलेलं पाकीट होतं. दफनाच्या सूचना बिशप स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो आणि शिळा हलवण्याआधी त्या सगळ्यांसमक्ष वाचतात, अशी इथली पद्धत.

"पाळकसाहेब," राखणदार कसाबसा म्हणाला, "त्याआधी मला काही सांगायचंय. या शिळेबद्दल."

"वाचून होऊ दे काका, मग सांगा. ताई, अक्षर तुमच्या ओळखीचं आहे, तुम्हीच वाचा."

राखणदार शिळेवरून उतरला नाही. गवंडी पहार टेकून उभा राहिला. बहिणीने चष्मा लावला, मोहोर फोडली आणि सावकाश वाचायला सुरुवात केली.

"माझी कबर भिंतीपलीकडे, बाप्तिस्म्याविना गेलेल्या लेकरांच्या रांगेत खणावी. वेदीसमोरची शिळा कोणत्याही कारणाने उचलू नये. तिच्यावर नाव मात्र कोरून घ्यावे. काय नाव, ते राखणदाराला विचारावे."